कप्तान किड याचीं दोन दस्तकें

१. व्यवहारांत एखादी गोष्ट सिद्ध करावयाची तर लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन प्रमाणें याज्ञवल्क्यानें सांगितलीं आहेत. जुने कागद जमविणाऱ्या आपणां सर्वांचा भर स्वाभाविकच पहिल्या प्रमाणावर असतो. परंतु लिखित प्रमाण असणें आणि तें वेळेवर हातीं येणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी होत. कागद असूनही तो वेळीं सांपडला नाहीं म्हणून वतनाचा निवाडा उलटा झाल्याचीं गाऱ्हाणीं आपल्या दप्तरांत पुष्कळ आढळतात. इंग्रजांच्या दप्तरांत ह्याच जातीचें एक उदाहरण आहे. मात्र तेथें पणास लागलें होतें तें वतन नसून एका माणसाचें मस्तक होतें. विल्यम किड नांवाचा कप्तान इ. स. १७०१ सालीं, म्हणजे शके १६२३ त, चांचा म्हणून लंडनांत फांशीं गेला. ज्या दोन कागदांवर त्यानें आपला सारा बचाव उभारला होता ते कागद चौकशीच्या वेळीं मिळाले नाहींत. ते दोनशें वर्षांनीं, सरकारी दप्तरांतच, मिळाले.

हा पुरुष परदेशचा. त्याची कथा येथें कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, ज्या जहाजांमुळें तो फांशीं गेला तीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पकडलेलीं होतीं. त्यांतील मालाचा एक धनी औरंगजेबाच्या दरबारचा उमराव होता. आणि बादशाहाची छावणी त्या वेळीं भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस होती. शिवाय 'चांचा' हा शब्द परकीयांच्या कागदांत कसा वाचावा, हा आंगऱ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारांस नेहमीं पडणारा प्रश्न आहे. त्यासही ह्या प्रकरणापासून कांहीं उजेड मिळतो.

२. प्रथम काळाची ओळख करून घेऊं. १६९५ सालीं हेन्री एव्हरी ह्या इंग्रज चांच्यानें मक्केहून सुरतेस परतणारें 'गंज-इ-सवाई' हें बादशाही जहाज लुटलें. यात्रेकरूंची जी विटंबना झाली तिचें वर्णन खाफीखानानें केलें आहे. मोंगल अंमलदारांच्या दृष्टीनें सारे टोपीकर एकच. चांचे आणि व्यापारी हे एकाच माळेचे मणी. त्यामुळें सुरतेच्या वखारींतील इंग्रज कैदेंत पडले आणि कंपनीचा व्यापार बंद झाला. एव्हरीचे कांहीं साथीदार १६९६ सालीं लंडनांत फांशीं दिले गेले, पण म्होरक्या कोणाच्याच हातीं लागला नाहीं. ह्यापुढें समुद्रावर कांहीं घडलें तर कोणास तरी धरून शासन करून दाखविल्याखेरीज बादशाहाची खात्री पटणार नाहीं, हें कंपनी पुरतें उमगली. किडच्या प्रकरणाचें मूळ येथें आहे.

३. किडचा जन्म सुमारें १६५४ सालीं स्कॉटलंडांत डंडी येथें झाला. १६८९ त वेस्ट इंडीज बेटांत इंग्रजांच्या बाजूनें फ्रेंचांशीं लढतांना तो प्रथम नांवारूपास आला. तेथें त्याच्याकडे 'ब्लेसेड विल्यम' हें जहाज होतें. पुढल्याच वर्षीं तो किनाऱ्यावर गेला असतां त्याचेच खलाशी तें जहाज घेऊन पळाले. त्यांत रॉबर्ट कलिफर्ड नांवाचा इसम होता. त्याची गांठ पुढें पुन्हां पडावयाची आहे. नंतर किड न्यूयॉर्कास स्थायिक झाला. १६९१ त त्यानें सारा नांवाच्या सधन विधवेशीं लग्न केलें. घरदार, मुलें, गांवांत मान असें सर्व त्याच्यापाशीं होतें. १६९५ सालीं तो लंडनास गेला नसता तर आज त्याचें नांव कोणास ठाऊक राहिलें नसतें.

लंडनांत त्याची भेट न्यूयॉर्क प्रांताचा भावी गव्हर्नर लॉर्ड बेलोमाँट ह्याच्याशीं झाली. चांच्यांचें पारिपत्य करावें आणि त्यांच्याजवळची लूट भागीदारांनीं वांटून घ्यावी, असा बेत ठरला. पैसा घालणारांत सॉमर्स, ऑर्फर्ड, रॉम्नी आणि श्रूसबरी हे राज्यांतील अतिश्रेष्ठ अधिकारी होते. मात्र त्यांचीं नांवें कागदावर पुढें आलीं नाहींत. 'ॲडव्हेंचर गॅली' नांवाचें चौतीस तोफांचें, शिडांवर व वल्ह्यांवर दोन्ही तऱ्हेनें चालणारें जहाज सिद्ध झालें. किडला दोन सनदा मिळाल्या. पहिली ११ डिसेंबर १६९५ ची, फ्रेंचांचीं जहाजें पकडण्याची. दुसरी २६ जानेवारी १६९६ ची, चांच्यांना धरण्याची. (इंग्रजांचें वर्ष त्या काळीं २५ मार्चास बदलत असे, म्हणून जानेवारी ते मार्चच्या कागदांवर एक सन मागचा दिसतो. तारखा जुळवितांना हें ध्यानांत ठेवावें.)

कौटिल्यानें नावध्यक्षाच्या प्रकरणांत हिंस्रिका, शत्रूच्या मुलखाकडे जाणाऱ्या नौका आणि पत्तनाचे नियम मोडणाऱ्या नौका ह्या तिन्ही नष्ट कराव्या असें सांगितलें आहे. पण त्यांचीं नांवें वेगळालीं घेतलीं आहेत. किडच्या दोन सनदा म्हणजे ह्यांतील पहिल्या दोहोंविरुद्ध दिलेला अधिकार. तिसऱ्या कोणत्याही जहाजास हात लावण्याचा अधिकार त्यास नव्हता. खलाशांस मात्र पगार नव्हता. लूट मिळाली तर वांटा, न मिळाली तर कांहीं नाहीं. पुढल्या साऱ्या अनर्थाचें बीज ह्या करारांत होतें.

४. सप्टेंबर १६९६ त किड न्यूयॉर्काहून सुमारें दीडशें माणसें घेऊन निघाला आणि जानेवारी १६९७ त मादागास्करास पोंचला. पुढें कोमोरो बेटांपाशीं रोगानें त्याचीं सुमारें पन्नास माणसें मेलीं. जहाज गळूं लागलें, आणि चांचा किंवा फ्रेंच एकही दृष्टीस पडेना. अशा स्थितींत तो तांबड्या समुद्राच्या मुखाशीं, बाबेल मांदेबास, जाऊन थांबला. ऑगस्टांत मोखाहून सुरतेकडे निघालेल्या ताफ्याच्या मागें तो लागला. ताफ्याच्या रक्षणास असलेल्या 'सेप्टर' ह्या इंग्रजी जहाजानें, कप्तान एडवर्ड बार्लो याच्या हुकमतीखालीं, तोफा सोडून त्यास हुसकून लावलें. मोखाचा ताफा चांच्यांचा नव्हता आणि फ्रेंचांचाही नव्हता. तेव्हां किडचें मन येथेंच बिघडलें होतें हें मान्य केलें पाहिजे.

तेथून तो आपल्या किनाऱ्याकडे वळला. पार्कर नांवाच्या इंग्रज कप्तानाचें एक लहान जहाज त्यानें अडविलें. मालाचा पत्ता लागावा म्हणून त्यावरील खलाशांस बांधून तरवारीच्या पात्यांनीं मारिलें. खुद्द पार्करास वाटाड्या म्हणून व एका पोर्तुगीजास दुभाष्या म्हणून ठेवून घेतलें. सप्टेंबरांत तो लांकूड-पाणी घेण्यास कारवारास आला. तेथें कंपनीची वखार होती. त्याचे कांहीं खलाशी पळून वखारींत गेले आणि त्यांनीं सारी हकीकत सांगितली. ती पुढें मुंबईस व सुरतेस गेली. मग गोव्याहून निघालेल्या दोन पोर्तुगीज जहाजांशीं त्याची चकमक झाली. त्यांतील लहान जहाजाची त्यानें मोडतोड केली, आणि मोठें जवळ येतांच तो निसटला.

लूट नाहीं म्हणून खलाशी चिडले होते. ३० ऑक्टोबर १६९७ रोजीं विल्यम मूर ह्या गोलंदाजाशीं किडचें भांडण झालें. तूं आमचा नाश केलास, असें मूर बोलला. किडनें संतापून लोखंडी कड्यांची बादली त्याच्या डोक्यांत घातली. दुसऱ्या दिवशीं मूर मेला. त्या वेळच्या दर्यावर्दी जीवनांत कप्तानाच्या हातून असें घडणें कांहीं अपूर्व नव्हतें. पण किडला ही बादली फार महाग पडली.

५. आतां आपल्या विषयाच्या गाभ्याशीं येऊं. त्या काळीं सुरत-बंगालच्या व्यापारी जहाजांवर एकाच टोपीकराचें दस्तक नसे. समुद्रांत इंग्रज, डच, फ्रेंच, पोर्तुगीज असे अनेक सत्ताधीश. म्हणून सावध नाखवा दोन-तीन दस्तकें जवळ बाळगी आणि समोरच्या गलबतावर ज्याचें निशाण दिसेल त्याचें दस्तक पुढें करी. किडनें ह्याच रिवाजाचा उपयोग केला. तो फ्रेंच निशाण चढवी, समोरचा फ्रेंच दस्तक दाखवी, आणि किड म्हणे, हें जहाज शत्रूचें ठरलें.

नोव्हेंबर १६९७ त 'रूपारेल' नांवाचें जहाज असें पकडलें. त्याचा कप्तान डच होता, पण दस्तक फ्रेंच निघालें. दुसरें आणि मोठें जहाज 'केदा मर्चंट'. तें ३० जानेवारी १६९८, म्हणजे शके १६१९ त, मलबार किनाऱ्यावर कोचीनच्या बाजूस सांपडलें. ह्याच सुमारास तिकडे कर्नाटकांत जिंजीचा किल्ला मोंगलांच्या हातीं पडला होता. केदा मर्चंट हें चारशें टनांहून मोठें जहाज असून आर्मेनियन व्यापाऱ्यांनीं भाड्यानें घेतलें होतें. तें बंगालहून सुरतेस मलमल, रेशीम, साखर, अफू, लोखंड आणि सोरा घेऊन येत होतें. मालांत दरबारचा उमराव मुखलिसखान याचा हिस्सा होता. किडचें फ्रेंच निशाण पाहून जहाजावरून एका फ्रेंच माणसास कप्तान म्हणून पाठविण्यांत आलें व त्यानें फ्रेंच कंपनीचें दस्तक हातांत दिलें. खरा कप्तान जॉन राइट हा इंग्रज होता, हें मागाहून उघड झालें. तेव्हां जहाज परत द्यावें असें आपण सुचविलें, पण खलाशांनीं ऐकलें नाहीं, असें किडचें म्हणणें. खरें-खोटें कसेंही असो, जहाज परत गेलें नाहीं आणि बराचसा माल किनाऱ्यावरच विकला गेला.

येथें एक बारीक मुद्दा आहे. इंग्रज व फ्रेंच यांचा तह रिस्विक येथें सप्टेंबर १६९७ तच झाला होता. परंतु दूरच्या समुद्रांसाठीं त्यांत कांहीं महिन्यांची मुदत ठेवलेली होती. तेव्हां केवळ तहाच्या तारखेवरून ह्या दोन जहाजांची पकड बेकायदेशीर ठरत नाहीं. प्रश्न उरतो तो एवढाच कीं, फ्रेंच दस्तक बाळगणारें सुरतेकरांचें जहाज फ्रेंच मानावें कीं नाहीं. हा कायद्याचा खराखुरा प्रश्न होता, आणि तो सोडविण्यास तीं दोन दस्तकें समोर असणें अवश्य होतें. किडनें तीं जपून ठेविलीं.

६. केदा मर्चंटची बातमी सुरतेस पोंचतांच पुन्हां तोच आकांत झाला. अखेर टोपीकरांच्या तिन्ही कंपन्यांस समुद्राचें रक्षण पतकरावें लागलें: तांबडा समुद्र डचांकडे, इराणचें आखात फ्रेंचांकडे आणि हिंदुस्थानचा दक्षिण समुद्र इंग्रजांकडे. डिसेंबर १६९८ त इंग्लंडच्या राजानें पूर्व समुद्रांतील चांच्यांस माफीचा जाहीरनामा काढला. त्यांतून दोघांसच नांवानिशीं वगळलें होतें. एक एव्हरी; दुसरा किड.

किडला ह्याची कांहींच वार्ता नव्हती. एप्रिल १६९८ त तो मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटास गेला. तेथें खराखुरा चांचा, आणि पूर्वीं जहाज पळविणारा तोच कलिफर्ड, भेटला. ज्याला धरण्याची सनद किडच्या पेटींत होती त्याच्याकडेच किडचे बहुतेक खलाशी निघून गेले. गॅली सडून निकामी झाली होती. तेव्हां केदा मर्चंटवर बसून किड अमेरिकेकडे निघाला. एप्रिल १६९९ त वेस्ट इंडीजमध्यें आपण चांचा ठरल्याचें त्यास कळलें. हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्याशीं केदा मर्चंट सोडून, एक लहान गलबत विकत घेऊन तो उत्तरेस गेला. कांहीं द्रव्य त्यानें गार्डिनर्स बेटावर पुरलें. पुरलेल्या खजिन्याच्या ज्या असंख्य कथा त्याच्या नांवावर चालतात त्यांचें मूळ एवढेंच. आणि तें द्रव्य तर बेलोमाँटनें लगेच उकरून घेतलें.

किड बोस्टनास बेलोमाँटवर विसंबून गेला. आपण निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून त्यानें तीं दोन फ्रेंच दस्तकें एका वकिलाच्या हातून आधींच त्याच्याकडे पाठविलीं होतीं. बेलोमाँटनें गोड पत्र लिहून त्यास बोलाविलें आणि जुलै १६९९ त कैद केलें. दस्तकें इतर कागदांबरोबर लंडनास गेलीं. १७०० सालीं किडही लंडनास न्यूगेटच्या तुरुंगांत आला.

७. लंडनांत ह्या वेळीं दोन राजकीय पक्षांची झुंज चालली होती. सॉमर्स व ऑर्फर्ड यांच्यावर पार्लमेंटांत दोषारोप आणावयाचे, त्यांत किडचें प्रकरण हें एक शस्त्र होतें. किडला कॉमन्स सभेपुढें उभें केलें. त्यानें आपल्या धन्यांविरुद्ध कांहीं सांगितलें असतें तर कदाचित् जीव वांचता. पण तो कोणाविरुद्ध बोलला नाहीं. मग तो एका पक्षास निरुपयोगी व दुसऱ्यास अडचणीचा झाला. त्याची बाजू सांगूं शकणारा बेलोमाँट मार्च १७०१ त न्यूयॉर्कास वारला.

चौकशी ८ व ९ मे १७०१ रोजीं ओल्ड बेली येथें झाली. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वॉर्ड. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानें आरोपीस वकील देत, तो फक्त कायद्याच्या मुद्द्यापुरता. साक्षीदारांची उलटतपासणी आरोपीनें स्वतःच करावी लागे. पहिला आरोप मूरच्या खुनाचा. पंचांनीं दोषी ठरविलें. नंतर चांचेपणाचे आरोप. किडच्याच जहाजावरचा वैद्य ब्रॅडिनहॅम आणि खलाशी पामर हे दोघे माफीचे साक्षीदार झाले होते. आपण जहाजें फ्रेंच दस्तकांवरून धरलीं, तीं दस्तकें बेलोमाँटनें घेतलीं, तीं येईपर्यंत चौकशी लांबवावी, असें किड पुनःपुन्हां सांगत होता. तीं पार्लमेंटापुढें आलेलीं होतीं. तरी न्यायालयांत तीं कोणी हजर केलीं नाहींत. ब्रॅडिनहॅम म्हणाला, दस्तकांविषयीं मीं कप्तानाच्या तोंडून ऐकलें, स्वतः पाहिलीं नाहींत. न्यायाधीशानें पंचांस सांगितलें कीं, दस्तकें आरोपीखेरीज कोणीं पाहिलेलीं नाहींत. शिवाय जहाज शत्रूचें होतें तर तें रीतसर न्यायालयापुढें कां नेलें नाहीं, आणि माल परस्पर कां वांटला? हा दुसरा प्रश्न रास्त होता. पहिलें विधान मात्र, कागद सरकारच्याच ताब्यांत असतां, न्यायास शोभणारें नव्हतें.

८. २३ मे १७०१ रोजीं वॅपिंग येथें टेम्स नदीच्या कांठीं किडला फांशीं दिलें. पहिला दोर तुटला व तो जिवंत खालीं पडला. पुन्हां चढवून लटकविला. रिवाजाप्रमाणें भरतीच्या तीन लाटांचें पाणी प्रेतावरून जाऊं दिलें. मग प्रेतास डांबर फासून, लोखंडी सांगाड्यांत बसवून, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांस दिसेल असें टिलबरी पॉइंटवर टांगलें. तें तेथें वर्षानुवर्षें होतें. त्याच्याबरोबर आरोपी असलेल्या नऊ जणांपैकीं तिघे चाकर म्हणून सुटले, सहा दोषी ठरले. पण त्यांपैकीं डार्बी मलिन्स हा एकटाच त्याच्यासंगें फांशीं गेला. कलिफर्ड, ज्याच्या चांचेपणाविषयीं कोणासच संशय नव्हता, तो माफीच्या आधारानें सुटला. किडचें जप्त द्रव्य विकून ६,४७१ पौंड आले. ते ग्रीनिचच्या खलाशी-रुग्णालयास दिले गेले.

९. तीं दोन दस्तकें नष्ट झालीं असेंच सर्वांस वाटत होतें. किडनें तीं कल्पिलीं असेंही कित्येक म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभीं राल्फ पेन ह्या अमेरिकन लेखकानें लंडनच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसांत तीं शोधून काढलीं आणि १९११ सालीं प्रसिद्ध केलीं. फ्रेंच कंपनीच्या नांवाचीं, आर्मेनियन नाखव्यांचा उल्लेख असलेलीं, तीं अस्सल आहेत. एकांत जहाजाचें नांव 'कारा मर्चंट' असें पडलें आहे. किड ह्या बाबतींत खरें बोलला होता. केदा मर्चंटचे अवशेषही २००७ सालीं डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या कातालिना बेटापाशीं उथळ पाण्यांत सांपडले.

प्रस्तुत लेखकास एकदां कोंकणांतील एका घरीं साऱ्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यांत एक कौलनामा मिळाला. घरची मंडळी तो दोन पिढ्या देव्हाऱ्याखालच्या पेटींत शोधीत होती. कागद हरवत नाहींत; भलत्या रुमालांत बांधले जातात. किडचीं दस्तकें कोणी बुद्धिपुरस्सर दडविलीं कीं गठ्ठ्यांच्या गर्दींत राहून गेलीं, ह्याचा निर्णय ती सांपडल्यानें होत नाहीं. परंतु एवढें खास कीं, शोध करण्याची ज्यांच्यावर जबाबदारी होती त्यांस तीं सांपडावीं अशी निकड वाटली नाहीं.

आणि येथेंच संशोधकानें आपल्या आनंदास आवर घातला पाहिजे. दस्तकें मिळालीं म्हणून किड निर्दोष ठरला, असें अनेकांनीं लिहिलें आहे. तें बरोबर नाहीं. आरोपांत एकंदर पांच जहाजें होतीं, दस्तकें दोनांचीं. पार्करच्या खलाशांस मारहाण, मोखाच्या ताफ्याचा पाठलाग, मूरचा मृत्यु ह्यांस फ्रेंच दस्तक कांहींच उत्तर देत नाहीं. लिखित प्रमाण जेवढें बोलतें तेवढेंच ऐकावें. ह्या कागदांनीं किडची निर्दोषता सिद्ध होत नाहीं. त्याच्या मुख्य आरोपाची चौकशी अपुऱ्या पुराव्यावर झाली एवढेंच सिद्ध होतें. न्यायाच्या दृष्टीनें हीही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

१०. शेवटीं आपल्या घरच्या प्रश्नाविषयीं दोन शब्द. कान्होजी आंगरे सरखेल यांनीं आपलें दस्तक घेतल्यावांचून किनाऱ्यावर फिरणारीं जहाजें धरलीं. इंग्रजांनीं त्यांस चांचा म्हटलें. त्याच इंग्रजांनीं १७१३ सालीं त्यांच्याशीं तहही केला. चांच्याशीं कोणी तह करीत नाहीं. किडपाशीं इंग्लंडच्या राजाची सनद होती, कान्होजींपाशीं छत्रपतींची. दोघेही एकाच विशेषणानें संबोधिले गेले. ह्यावरून हें विशेषण म्हणजे साक्ष नव्हे, वादीचें म्हणणें आहे, हें ध्यानांत यावें. परंतु ह्याची दुसरी बाजूही तितक्याच सचोटीनें पाहिली पाहिजे. सनद होती एवढ्यावरून किडचें प्रत्येक कृत्य जसें न्याय्य ठरत नाहीं, तसेंच आपल्या आरमाराच्या प्रत्येक धाडीचें समर्थन सनदेनें होत नाहीं. जहाज कोणाचें, दस्तक कोणाचें, माल कोणाचा आणि पुढें त्याचें काय झालें, हे चार प्रश्न दर जहाजागणिक विचारावे लागतील.

त्यांचीं उत्तरें देणारीं दस्तकें किनाऱ्यावरील जुन्या घरांत अजून असतील. ज्यांच्या संग्रहीं अशीं समुद्रावरील दस्तकें, कौल किंवा मालाच्या याद्या असतील त्यांनीं त्या ज्या रुमालांत मिळाल्या त्याची नोंद करून मगच निराळ्या काढाव्या, आणि नकला संशोधकांस पहावयास द्याव्या, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों. किडच्या कागदांस दोनशें वर्षें थांबावें लागलें. आपल्याकडील कागदांस वाळवी तेवढा अवकाश देणार नाहीं.